धुरपताबाईचा दर्यापाला

सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी वरच्या अंगाला जिथं टेकडीला येऊन टेकतं, तिथं लमाणांचा एक तांडा आहे. धुरपताबाई त्या तांड्यातली. तिची आठवण असणारी माणसं आता थोडी उरली आहेत, आणि तीसुद्धा तिचं नाव घेताना आवाज जरा खाली आणतात. तिनं जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात तिच्या हातून जे झालं, ते चांगलं म्हणावं की वाईट, हे तांड्याला अजून ठरवता आलेलं नाही.

सूज उतरवणं ही तिची विद्या होती. कुणाचा गुडघा धरला, कुणाचा घोटा मुरगळला, बाळंतिणीचे पाय फुगले, की लोक तिच्याकडे यायचे. औंढ्याकडून यायचे, पार साखऱ्याकडूनही यायचे. ती सुजेवर दोन बोटं दाबून बघायची, खड्डा किती वेळ राहतो ते पाहायची आणि मग आढ्याला टांगलेलं गाठोडं खाली काढायची. त्यात दर्यापाला असायचा.

हा पाला तिला तिच्या आजाकडून आलेला. आजाच्या काळात लमाणांचे बैलांचे तांडे धान्य घेऊन घाट उतरायचे आणि कोकणातून मीठ भरून वर यायचे. मिठाच्या गोणीनं बैलाची पाठ सोलवटून निघते. म्हणून गोणीखाली समुद्राच्या खडकावरचा ओला पाला घालायची रीत होती. सुजलेली पाठ त्या पाल्याखाली बसते हे आधी बैलांवर दिसलं, मग माणसांनी तो आपल्या अंगाला लावला. पाला काळसर तपकिरी. वाळला की चामड्याच्या वादीसारखा व्हायचा, पाण्यात टाकला की फुगून बुळबुळीत. वाटून त्याचा लेप घालायचा, उकळून पाणी प्यायला द्यायचं. त्यात नेमकं काय होतं हे तिला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची गरजही कधी पडली नव्हती.

एक नेम मात्र ती चुकवत नसे. नवं गाठोडं आलं की त्याचं पाणी आधी बैलाला दाखवायचं. बैल प्याला तर ते माणसाला. औषध मुळात बैलाचं, तेव्हा पहिला मानही त्याचा.

लदेणी, म्हणजे बैलांवरून माल वाहायचा तो धंदा, बंद पडून जमाना झाला होता. तरी धुरपताबाईचा भाऊ भीमसिंग दर साल कोकणात मिठागरावर कामाला जायचा आणि होळीला येताना बहिणीसाठी पाला घेऊन यायचा. त्र्याहत्तरच्या होळीला तो आला नाही. त्याचा निरोपही आला नाही. गाठोड्यात तळाशी थोडा चुरा राहिला होता, तो सिद्धेश्वरच्या सोनाजीच्या सासूच्या गुडघ्याला गेला.

सोनाजी धरणाच्या दारांवर कामाला होता. बोलायला मोठा मिश्कील. चुरा नेताना म्हणाला, "मावशी, जरा कमी द्या. म्हातारी पायावर उभी राहिली तर पहिली माझ्याच घरात येऊन बसंल."

"येऊ दे की. तुला कुणीतरी बोलणारं पायजेच," धुरपताबाई म्हणाली.

जाता जाता तो दारात थांबला. चेहरा बदलला होता. "एक सांगतो. तुमच्या बाजूच्या डबक्यातलं पाणी जनावराला दाखवू नका. हिरवा रंग ओतल्यावाणी दिसून राहिलं. काल तिथं बगळे मरून पडले होते. मासे तर रोजच पोट वर करून राहिले."

"उन्हाचं होतं तसं. पाणी तापतंय."

"उन्हाळा तर दर साली येतो, मावशी," सोनाजी म्हणाला आणि गेला.

धरण त्या साली इतकं आटलं होतं की बुडालेल्या गावांच्या विहिरींचे कठडे वर आले होते. तांड्याखालचं पाणी मुख्य पाण्यापासून तुटून त्याचं एक मोठं डबकं झालं होतं. वारा पडलेला असे. हिरवा थर काठाला जाड होऊन बसे आणि दुपारी त्याचा वास थेट तांड्यात चढे. धुरपताबाईला तो वास पहिल्यांदा आला तेव्हा ती हातातलं काम टाकून उठून उभी राहिली. ओलसर, मासळीसारखा. तिच्या गाठोड्याचाच वास.

तांड्यातली बहुतेक माणसं दुष्काळी कामावर जात. धुरपताबाईचा मुलगा थावरा डोंगरकडा गावाकडे विहिरी खोदायच्या कामावर होता, सुरुंग लावणाऱ्या टोळीत. पंधरवड्याला एकदा घरी यायचा. त्याची बायको मिराबाई सडकेच्या खडीवर जायची. पोरगी हसरी, कामाला वाघीण. धुरपताबाईला मुलगी नव्हती. मिराच्या आईनं तिला पाठवताना एवढंच म्हटलं होतं की हिचं डोकं दुखलं तर हिला मागायला लावू नका, ती मागत नाही.

ती खरंच मागत नसे. खडी फोडताना दगडाची कपरी उडून तिच्या उजव्या मनगटात घुसली, तेव्हा तिनं पदराची चिंधी बांधली आणि संध्याकाळपर्यंत हातोडा चालवला. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. बोटं वांग्यासारखी फुगली तेव्हा धुरपताबाईच्या लक्षात आलं. सूज मनगटावरून कोपराकडे निघाली होती.

आणि कोपराच्या वर चुडा होता. लमाणाच्या बाईच्या दंडावर लग्नात हाडाच्या पांढऱ्या बांगड्या घट्ट चढवतात. नवरा जिवंत असेतो त्या निघत नाहीत. त्या फोडतात ते एकदाच, नवरा गेल्यावर. मिराचा चुडा पुरा दंडभर होता, आणि खालून सूज त्याला जाऊन भिडत होती. बांगडीच्या कडेला कातडी काचून निळी पडायला लागली.

शेजारची मालनबाई बघायला आली. तोंडाची फटकळ बाई. "सगळ्या मुलुखाची सूज उतरवती अन् घरातल्या सुनेचा हात असा? काहून बसून राहिली? पाला लाव की."

"पाला संपला."

"मग चुडा फोडावा लागंल, बाई."

हे ऐकून धुरपताबाईचा नवरा वसराम बाजेवरून ताडकन उठला. "मालन, तोंड आवर. पोरगं तिकडं सुरुंग पेटवून राहिलं अन् तू त्याच्या बायकोचा चुडा फोडायचं बोलती?"

मालनबाई उठून गेली. पण शब्द घरात राहून गेला. त्या दिवसापासून धुरपताबाईला दोनच गोष्टी दिसत होत्या. सूज खाली आली तर सुनेचा हात वाचतो आणि मुलावर येऊ घातलेलं टळतं. सूज वर चढली तर दोघांपैकी एक जातं. दवाखाना तिच्या मनात आला नाही असं नाही. पण दवाखान्यातली माणसं पहिल्यांदा काय करतील हे तिला ठाऊक होतं. ती चुड्यालाच हात घालतील.

मग तिला बापाचं बोलणं आठवलं. बाप म्हणायचा, पाण्यातला पाला सगळीकडचा एकच असतो, त्याला दर्याचा करतं ते मीठ. मिठाच्या गोण्या वाहण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना मिठात सगळा गुण दिसावा यात नवल नाही. धुरपताबाईनं लहानपणापासून हे ऐकलं होतं आणि कधी पारखून पाहायची वेळ आली नव्हती.

सकाळी ती घमेलं घेऊन डबक्यावर उतरली. काठाला मेलेला एक मासा हिरव्या थरात अर्धा रुतला होता, माश्या मात्र त्याच्यावर बसल्या नव्हत्या. तिनं तिकडे फारसं पाहिलं नाही. हातानं थर गोळा केला. घरी आणून खडे मीठ घालून मळला, दगडावर पसरून उन्हात वाळवला. दुपारनंतर त्याचा पापुद्रा सुटला. तिनं नाकाशी धरला. वास तोच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, बाप धावून आला.

तिनं थोडा पापुद्रा उकळला, पाणी गार केलं आणि बैलापुढे ठेवलं. घरची बाकी जनावरं छावणीवर गेली होती, हा एक म्हातारा बैल वसरामनं जीव लावून घरीच ठेवला होता. बैल तहानलेला होता. तिथं प्रत्येक जीव तहानलेला होता. त्यानं भांड्यावर तोंड नेलं, एकदा फुरफुरला आणि मान फिरवली. तिनं भांडं पुन्हा तोंडाखाली सरकवलं. तो दावं ताणून मागे सरला.

वसराम बाजेवरून बघत होता. "बैल पिऊन न्हाई राहिला."

"म्हातारा झाला तो. त्याला आता वास कळत न्हाई."

"वास कळत नसता तर प्याला असता, थावराच्या याडी." तांड्यात आईला याडी म्हणतात.

आतून मिराच्या कण्हण्याचा आवाज आला. मागून न घेणारी ती पोरगी आता कण्हत होती. धुरपताबाईनं भांडं उचललं आणि आत गेली.

लेप हातावर बसला तसा मिराला गारवा वाटला. "याडी, बरं वाटून राहिलं," ती म्हणाली. भांड्यातलं पाणी ती तोंड वाकडं करत प्याली आणि तिचा डोळा लागला. धुरपताबाई उशाशी बसून राहिली. तिनं चुड्याच्या कडेला बोट दाबून पाहिलं. खड्डा लवकर भरला असं तिला वाटलं. संध्याकाळी तिनं पुन्हा लेप घातला, पुन्हा पाणी दिलं. दारात आलेल्या मालनबाईला ती म्हणाली, "उतरून राहिली सूज. चुड्याचं नाव काढायची गरज न्हाई."

"तुझ्या हाताला यश हाय, बाई," मालनबाई म्हणाली. तिनंही जाताना थोडा पापुद्रा मागितला. धुरपताबाई द्यायला उठली, पण बैलाची फिरवलेली मान तिच्या डोळ्यांपुढे आली. का कोण जाणे, ती म्हणाली, "उद्या देते."

उजाडायला मिरा ओकू लागली. पोटात काही नव्हतं, तरी थांबेना. लेप काढला तर खालच्या कातडीवर फोड आले होते, भाजल्यासारखे. सूज चुड्याच्या खालून निघून वर खांद्यापाशी दिसत होती आणि बांगड्या मांसात रुतून बसल्या होत्या. बोटांची नखं काळी पडत होती. मिराच्या डोळ्यांत पिवळट झाक होती आणि ती कुणाला ओळखत नव्हती.

धुरपताबाईनं उरलेला पापुद्रा चुलीत टाकला. त्याचा धूर निघाला त्यानं घरातली माणसं खोकत बाहेर आली. ती तशीच अनवाणी धरणाच्या दारांकडे पळत गेली. सोनाजीनं तिला लांबून येताना पाहिलं आणि काही विचारायच्या आधीच पाटबंधारे खात्याच्या ट्रकवाल्याला थांबवलं. मिराला तांड्यातून घेऊन ट्रक औंढ्याला गेला, पण तिथं डॉक्टर जागेवर नव्हता. ट्रक तसाच हिंगोलीला गेला. मागच्या फळ्यांवर मिराचं डोकं मांडीवर घेऊन धुरपताबाई बसली होती. वसराम समोर बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता.

"डॉक्टरानं विचारलं तर काही दिलं न्हाई म्हण. धुरपता, ऐकून राहिली का? तांड्यात तोंड दाखवायचं हाय आपल्याला. दगड लागला, एवढंच."

तिनं मिराच्या कपाळावरची धूळ पदरानं पुसली.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं हात पाहिला, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, "दगडानं डोळे पिवळे होत नाहीत. खायला-प्यायला काय दिलंत?"

"काही न्हाई, साहेब," वसराम म्हणाला.

"मी दिलं," धुरपताबाई म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. डबकं, मीठ, उन्हात वाळवणं, बैलानं मान फिरवली तेही. बाकावर बसलेली माणसं ऐकत होती. त्यांत तांड्याच्या ओळखीची माणसं होती, पण ती थांबली नाही.

डॉक्टर रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "समुद्राच्या पाल्यात सूज उतरवणारं काही असेलही. मी नाही म्हणत नाही. पण आमच्या कॉलेजात त्याच समुद्रातल्या एका पाल्याचं सत्त्व उंदराच्या पायात टोचायचे. पाय सुजायचा. मग त्या सुजेवर औषध पारखायचे. म्हणजे सूज आणणारंही त्यातच आहे. आणि तुम्ही घातलंत ते तर तळ्यातलं. ते वेगळंच. असल्या हिरव्या पाण्यानं गुरं मेल्याचं कुठंतरी वाचलेलं आठवतं. माणसाचं मला ठाऊक नाही."

"मीठ घातलं होतं, साहेब."

"मिठानं काय होणार, आजी?"

त्यानं सलाइन लावायला सांगितलं, सुया दिल्या. मग मिराच्या दंडाकडे बोट केलं. "हे आधी काढावं लागेल. रक्त खाली जातच नाही. आणखी थांबलो तर हात काढावा लागेल, आणि विष असंच चढत गेलं तर काही काढूनही उपयोग नाही. हिचा नवरा कुठं आहे?"

वसराम मध्ये आला. "साहेब, हात गेला तर जाऊ द्या. चुडा फोडू नका. माझं एकच पोरगं हाय."

डॉक्टरला हे कळलं नाही. त्यानं नर्सकडे पाहिलं. ती इथलीच होती, तिनं हलक्या आवाजात सांगितलं. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. "तुम्ही ठरवा," तो म्हणाला, "पण लवकर ठरवा."

धुरपताबाईनं मिराच्या काळ्या पडलेल्या नखांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं नाही. "करवत द्या," ती म्हणाली. "परक्याच्या हातानं नको. मीच चढवला होता, मीच काढते."

प्लास्टर कापायची बारीक करवत होती. नर्सनं बांगडीखाली पट्टी सरकवून धरली आणि धुरपताबाई कापत गेली. हाडाची पांढरी पूड चादरीवर पडत होती. प्रत्येक बांगडी सुटली की वसराम बाहेरच्या बाजूला तोंड फिरवून थावराचं नाव घेई. शेवटची सुटली तेव्हा दंडावर खोल निळे वळ राहिले. खालच्या हाताला हळूहळू रंग आला, आणि मिरा बेशुद्धीतच ओरडली. डॉक्टर म्हणाला, ओरडली ते चांगलं झालं.

थावराला निरोप गेला होता तो एवढाच की बायको दवाखान्यात आहे. चुड्याचं सांगायची कुणाची छाती झाली नाही. तो येईपर्यंत धुरपताबाई पायरीवर बसून होती, पाण्याचा घोटही न घेता. मिराला ताप होता, पण ती माणसं ओळखायला लागली होती. तरी म्हातारी आत जाईना. सडकेवरून येणारा प्रत्येक माणूस ती बघत होती, तो एकटा येतोय की चौघं काही उचलून आणतायत हे बघत होती.

थावरा आला तो पायीच. केसांत, भुवयांत दगडाची पूड. आई उठली, तिनं त्याचा चेहरा चाचपला, दोन्ही हात उलटसुलट पाहिले, पाठीवरून हात फिरवला.

"याडी, आजारी ती हाय. मला काहून चाचपून राहिली?" तो हसून म्हणाला.

मग तो आत गेला. मिरानं उघडा दंड चादरीत ओढून घेतला, पण त्याला दिसलं होतं. तो खाटेच्या कडेला बसला.

"कुणी फोडला?"

"मी," दारातून धुरपताबाई म्हणाली. "तिला विष पाजलं तेही मी अन् चुडा फोडला तोही मीच. काय व्हायचं ते माझ्यावर होऊ दे म्हणून सांगितलंय मी वरच्याला."

"त्यानं ऐकलं का?"

"मला कसं कळंल?"

मिरा पुसट आवाजात म्हणाली, "तुमी इथंच ऱ्हावा." जन्मात पहिल्यांदा तिनं काहीतरी मागितलं होतं. थावरानं तिच्या डाव्या हातावर हात ठेवला. पण दुष्काळात त्या कामाशिवाय दुसरं काम नव्हतं, आणि घरात तेव्हा त्याचाच हात चालता होता. हे तिघांनाही ठाऊक होतं.

मिरा वाचली. उजवा हात राहिला, पण बोटं पुरती मिटायची नाहीत. थावरानं नवा चुडा आणायचा म्हटलं तर तिनं डाव्या दंडावरचा आहे तेवढा पुरे म्हणून सांगितलं. सोनाजीनं डबक्याभोवती काटेरी फांद्या टाकल्या आणि धरणावरच्या साहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, शेवाळ कुठल्या तळ्यात नसतं. तांड्यातही बऱ्याच जणांनी तेच धरलं. पाणी ते पाणी, त्याचा काय दोष, धुरपताबाईचा हातच फिरला, असं ठरलं. मालनबाई तेवढी बोलली की मला उद्या देते म्हणाली म्हणून मी जिवंत आहे. पण त्यानंतर सुजेसाठी कुणी आलं नाही, आणि आलं असतं तरी तिनं हात लावला नसता.

थावरा डोंगरकड्याला परत निघाला तेव्हा धुरपताबाई त्याच्यामागे चालत निघाली. वसरामनं अडवलं, तिनं ऐकलं नाही. विहिरीच्या काठाला दगडाच्या ढिगावर ती जाऊन बसली. टोळीतली माणसं थट्टा करायची. "थावरा, आई दूध पाजायला आली का रं?" थावरा सुरुवातीला चिडला, मग त्यानं बोलणं सोडलं. सुरुंग भरून झाले की माणसं दोर धरून वर येत. वाती पेटवायला शेवटी एकटा थावरा खाली राही. तेवढ्या वेळात ती श्वास घेत नाही असं लोक म्हणायचे. तिची नजर दोरावर असे. दोर ताणला की तिचे ओठ हलत. त्याचं डोकं कठड्यावर दिसे, तो पळत येऊन तिच्या शेजारी आडवा होई, आणि खाली जमीन हादरे.

धूर निवला की तो उठून धोतर झटकायचा आणि पुन्हा दोराकडे चालू लागायचा.